झेरॉक्स नव्हतं तेव्हा कॉप्या कशा काढायच्या, आणि आज घरी काढून बघायच्या असतील तर

मागच्या दिवाळीत ठाण्याच्या नौपाड्यातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरून आईचं सायक्लोस्टाइल मशीन (हँडल फिरवून कागदांवर प्रती छापायचं) खाली काढलं, दोघांनी धरलं तरी कंबर गेली, आणि जिन्यात शेजारचा मुलगा विचारतो काका हा प्रिंटर आहे का. म्हटलं हो बाबा प्रिंटरच आहे, फक्त वायर नाही. मग त्याला हे चालतं कसं ते सांगायला बसलो तर तासभर गेला आणि तरी अर्धंच सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदा लिहूनच काढतो.

आईचा टायपिंग क्लास होता, सकाळ-संध्याकाळ मुलं टाइप शिकायची आणि दुपारी जॉबवर्क. लोक तिला टायपिंगवाल्या बाई म्हणायचे. हँडल फिरवायला मी, पगार म्हणजे एक वडापाव. त्यामुळे खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं कुठे वाचलेलं नाही, ओरडा खाऊन शिकलेलं आहे.

तर पहिला प्रश्न, किती प्रती पाहिजेत? आई गिऱ्हाइकाला मजकूर काय आहे ते नंतर विचारायची, आधी हे. तीन-चार असतील तर कार्बन. तीस-चाळीस असतील तर जेली, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून, ते पुढे सांगतो. शंभराच्या वर गेलं की सायक्लोस्टाइल, आणि हजारोंनी पाहिजे असतील तर ती सरळ सांगायची, भाऊ छापखान्यात जा, खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरं) जुळवून घ्या, इथे तुमचे पैसे जातील. झेरॉक्स आल्यावर हा हिशोबच संपला, एक काढा नाहीतर दोनशे काढा, बटण तेच. पण जुन्या पद्धती करून बघायच्या असतील तर आकडा आधी ठरवा, कारण तयारी त्यावर ठरते आणि चूक केवढ्याला पडणार तेही त्यावरच.

कार्बनपासून सुरू करू, कारण तो अजून मिळतो, स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात. कार्बन पेपरचं पेटंट इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुडने १८०६ साली घेतलं होतं पण खरी चलती झाली ती टाइपरायटर आल्यावर, कारण पिसाच्या लेखणीने दाब देऊन लिहिणार कसं. (त्याच्याही आधी, १७८० मध्ये, वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने पत्राची कॉपी काढायचा प्रेस पेटंट केला होता. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबायचा, शाई त्यात उतरायची ती अर्थात उलटी, पण कागद इतका झिरझिरीत की मागून धरला की सुलटं वाचता यायचं. डोकं बघा.)

थर लावायचा तो असा: वर चांगला बाँड पेपर, त्याखाली कार्बन, चकचकीत बाजू खाली, मग पातळ कागद, परत कार्बन, परत पातळ कागद. चकचकीत बाजू चुकून वर आली की मूळ कागदाच्याच पाठीवर सगळं उलटं उमटतं आणि खालची प्रत कोरी, हे प्रत्येकाचं एकदा तरी होतंच, माझं तीनदा झालंय. प्रतींना जाड कागद घेऊ नका, जाड कागद ठोका खाऊन टाकतो. सगळा गठ्ठा टेबलावर ठोकून कडा एक करायच्या, वरच्या कडेला घडी घातलेली कागदाची पट्टी टोपीसारखी चढवायची आणि मग रोलरमध्ये सरकवायचा, म्हणजे आत जाताना कागद मागेपुढे होत नाहीत. आत गेल्यावर ती पट्टी काढून टाका. टाइपरायटरवर चार-पाच प्रती स्वच्छ येतात, त्यापुढे भुताटकी. हाताने लिहिणार असाल तर बॉलपेन घ्या, खाली कडक पुठ्ठा ठेवा आणि दोन-तीनवर थांबा.

चूक झाली तर प्रत्येक कार्बनच्या मागे, म्हणजे कार्बन आणि खालची प्रत यांच्या मधे, कागदाचा एकेक तुकडा सरकवायचा आणि मग वरून खोडायचं. नाहीतर खोडरबराचा दाब खाली काळा डाग होऊन उतरतो. सगळ्या प्रती एकेक करून खोडून झाल्या की ते तुकडे काढा आणि मगच बरोबर अक्षर मारा. तुकडे काढायचे राहिले की प्रतीत तिथे भोपळा. कोर्टाच्या कामात असा भोपळा म्हणजे सगळं पान पहिल्यापासून.

या प्रतींपैकी जी फाइलला लागायची ती ओसी, ऑफिस कॉपी, आणि बाकीच्या सीसी. ईमेलमध्ये सीसी टाकतो तो हाच कार्बन. आणि मार्कशीटची प्रत पाहिजे असेल तर कोर्ट नाक्याला टायपिस्ट बसायचे त्यांच्याकडे सगळी मार्कशीट अक्षरन् अक्षर टाइप करून घ्यायची, वर ट्रू कॉपी लिहायचं, आणि मग ओळखीचा गॅझेटेड ऑफिसर शोधायचा जो दोन्ही कागद समोरासमोर धरून सही-शिक्का देईल. अटेस्टेशनला अर्थ होता तेव्हा, कारण टायपिस्टच्या हातून गणिताचे ६७ चे ७६ सहज होऊ शकत होते. झेरॉक्स आल्यावरही कितीतरी वर्षं आपण फोटोसारख्या हुबेहूब कॉपीवर सह्या घेत हिंडत होतो ते वेगळंच.

आता जेली. ही पद्धत घरी करायला सगळ्यात मजेची. इंग्रजी नाव हेक्टोग्राफ, हेक्टो म्हणजे शंभर, पण शंभर काही निघत नाहीत, पन्नासपर्यंत आल्या तरी खूप झालं. १८८० च्या आसपास युरोपात याची साथच आली होती म्हणतात तशी. तत्त्व साधं आहे: जिलेटिन आणि ग्लिसरिनची जेली ओलसर राहते, वाळत नाही. जांभळ्या ॲनिलीन रंगाने लिहिलेला कागद तिच्यावर पालथा घातला की रंग जेलीत उतरतो, उलटा, आणि मग कोरा कागद टेकवला की त्यातला थोडा थोडा रंग परत वर येतो, सुलटा. प्रत्येक प्रतीला रंग कमी होत जातो आणि चाळिसावी प्रत वाचायला चष्मा लागतो.

माप असं. जिलेटिन ३० ग्रॅम, केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळतं. ते १०० मिली थंड पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी २०० मिली ग्लिसरिन दुसऱ्या भांड्यात घेऊन ते भांडं उकळत्या पाण्यात ठेवून गरम करा, थेट गॅसवर नको, आणि फुगलेलं जिलेटिन त्यात घालून हळूहळू ढवळा, फेटायचं नाही, फेटलं की बुडबुडे. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे चार थेंब. ए-फोर कागद आडवा मावेल अशा सपाट ट्रेमध्ये ओता, अर्धा सेंटिमीटर थर होतो, आणि ट्रे अगदी लेव्हलला पाहिजे, आमच्या कोपरखैरण्याच्या फ्लॅटची फरशी लेव्हलला नाही हे मला जेलीनेच सांगितलं. वर बुडबुडे आले तर कागदाची कड फिरवून एका बाजूला ओढून घ्या. मग सात-आठ तास हात लावू नका. जिलेटिन प्राण्याच्या हाडा-कातड्याचं असतं, घरात चालत नसेल तर आधीच विचार करा. मी चायना ग्रासने करून बघितलं, ते ठिसूळ होतं आणि कागदाबरोबर पापुद्रे निघतात.

शाईचं काय? पूर्वी कॉपिंग पेन्सिल मिळायची, जिभेला लावली की जीभ जांभळी. आता सोपा उपाय म्हणजे टॅटूवाले वापरतात तो जांभळा स्टेन्सिल पेपर, ऑनलाइन मिळतो, रंग त्याच जातीचा आहे. फक्त एक गोष्ट, टॅटूच्या सेटमध्ये कार्बनचं तोंड वर असतं म्हणजे चित्र वरच्या कागदाच्या पाठीवर उलटं उमटतं, कारण ते कातडीवर सुलटं उतरायला हवं असतं. आपल्याला कागदावर सुलटं अक्षर पाहिजे, म्हणून तो कार्बन सुटा करा, मधला संरक्षक कागद फेका, आणि रंगाची बाजू खाली करून कोऱ्या कागदावर ठेवून वरून लिहा. बॉलपेनने, दाबून.

जेलीवरून ओला स्पंज फिरवा, पाणी टिपून घ्या, मग लिहिलेला कागद पालथा घालून तळव्याने सगळीकडे दाबा आणि दोन-तीन मिनिटं तसाच ठेवा. एका कोपऱ्यातून सोलून काढा. आता कोरे कागद, पहिल्या प्रतींना तीन-चार सेकंद पुरे, पुढे पुढे वेळ वाढवत न्या, शेवटच्यांना मिनिटभर. झालं की कोमट पाण्याच्या स्पंजने लगेच पुसा, किंवा सरळ एक दिवस तशीच ठेवा, रंग खाली बसतो आणि जेली परत वापरता येते. ट्रे नंतर स्वयंपाकघरात आणायचा नाही, आणि हातमोजे घाला. आणि हे डिसेंबर-जानेवारीत करा. पावसाळ्यात जेली घाम सोडते, मे महिन्यात आपल्याकडे ती सरळ विरघळायला लागते, एसी असेल तर गोष्ट वेगळी.

(शाळेत कधी जांभळी प्रश्नपत्रिका हातात आली असेल आणि तिला गोडसर स्पिरिटचा वास असेल तर ती या जेलीची धाकटी बहीण, स्पिरिट डुप्लिकेटर. तेच जांभळं कार्बन, फक्त जेलीऐवजी स्पिरिटने ओला केलेला कागद.)

आता सायक्लोस्टाइल, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. नाव कुठून आलं तर डेव्हिड गेस्टेटनर म्हणून हंगेरीतून लंडनला आलेला माणूस, त्याने १८८१ मध्ये एक पेन पेटंट केलं ज्याच्या टोकाला बारीक दातेरी चाक होतं. मेणाच्या कागदावर त्याने लिहिलं की चाक फिरत बारीक बारीक भोकं पाडत जायचं. सायक्लो म्हणजे चाक आणि स्टाइल म्हणजे लेखणी, फॅशनशी संबंध नाही. तिकडे अमेरिकेत एडिसननेही याच्यात हात घातला होता, १८७६ मध्ये विजेवर चालणारं भोकं पाडायचं पेन, आणि नंतर त्याच्या पेटंटांवर शिकागोच्या ए. बी. डिकने मिमिओग्राफ नावाने मशीनं विकली. आपल्याकडे मात्र नाव टिकलं ते गेस्टेटनरच्या चाकाचं, चाक कधीच गेलं तरी.

सगळा खेळ एवढाच की अक्षराच्या आकाराचं भोक पाडायचं आणि त्यातून शाई दाबायची. स्टेन्सिल म्हणजे मेणासारखा थर दिलेला झिरझिरीत कागद, त्यामागे कार्बन, त्यामागे जाड पाठकागद. वर रेघा आणि आकडे छापलेले असतात, फुलस्केप इथपर्यंत, पोस्टकार्ड इथपर्यंत. टाइपरायटरवर रिबनचा खटका पांढऱ्यावर करायचा म्हणजे रिबन बाजूला होते आणि टाइप थेट स्टेन्सिलवर आपटतो. त्याआधी टाइप ब्रशने स्वच्छ करायचे, अक्षराच्या पोटात मळ असला की ते अक्षर नुसता ठिपका येतो.

इथे हात पाहिजे. सगळी अक्षरं सारख्या जोराने मारली तर काम बिघडतं. मोठं, पसरट अक्षर जोरात मारायचं, पूर्णविराम आणि स्वल्पविराम नुसते टेकवायचे. इंग्रजीत ओ जोरात बसला की आतली गोल टिकली निघून पडते आणि छापताना काळा गोळा. मराठीत अनुस्वार. आपल्या मराठीत अनुस्वार किती असतात ते आईच्या शेजारी बसल्यावर कळलं, प्रत्येक टिंबाला तिचं बोट हलकं व्हायचं आणि परत जड, ऐकून सांगता यायचं कुठलं अक्षर चाललंय.

चुकलं तर करेक्शन फ्लुइड, नेलपॉलिशसारख्या वासाचं. स्टेन्सिल मागच्या कार्बनपासून हलकंच उचलायचं, नाहीतर चिकटतं, चुकीच्या अक्षरावरून गोल काडीने हळू घासून भोक मिटवायचं, एक पातळ हात मारायचा, फुंकर घालून वाळू द्यायचं, मग बरोबर अक्षर जरा हलक्या हाताने. जाड थर लावला की तिथे अक्षर कापलंच जात नाही. मथळा, सही, रेघा टोकदार लोखंडी पेनने, त्याला स्टायलस म्हणायचे, खाली गुळगुळीत कडक पाटी ठेवून.

टाइप झालं की उजेडासमोर धरून वाचायचं. वाचायचं म्हणजे दोघांनी, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने स्टेन्सिल बघायचं. एकदा आम्ही हे केलं नाही. एका मंडळाच्या वार्षिक सभेच्या ५०० नोटिसा, वार रविवार आणि तारीख शनिवारची. छापून, मोजून, गठ्ठे बांधून झाल्यावर कळलं. मग आई, मी, बाबा आणि क्लासची चार मुलं रात्री अकरापर्यंत पेनने ५०० आकडे दुरुस्त करत होतो. म्हणून सांगतो, मोठ्याने वाचा.

छपाई. स्टेन्सिलच्या वरच्या कडेची भोकं मशीनच्या फिरणाऱ्या ड्रमच्या खिळ्यांना अडकवायची, स्टेन्सिल पाठकागदासकट ड्रमवर पसरायचं, मग पाठकागद टोकाशी फाडून काढायचा. सुरकुती पडली तर उचलून परत, बोटाने दाबत बसू नका, फाटतं. शाई ट्यूबमधून भरायची, थोडी, पहिले पाच-सात कागद फुकट घालवायचे, तोपर्यंत शाई सगळ्या भोकांत पोचते. एका स्टेन्सिलवर हजार-दोन हजार प्रती आरामात निघतात.

कागद बाँड नको. ही शाई तेलाची, ती हवेने वाळत नाही, कागदात मुरते, म्हणून डुप्लिकेटिंग पेपर खरखरीत आणि शोषणारा असतो. बाँडवर छापलंत तर दोन दिवसांनीही बोट फिरवलं की काळं. रीम ठेवण्याआधी पत्ते पिसल्यासारखी फुलवून घ्या, नाहीतर दोन-दोन कागद आत जातात. पावसाळ्यात कागद ओल धरतात, आई खुर्चीखाली साठचा बल्ब लावून वर रीम ठेवायची. हँडल एका लयीत फिरवा. जोरात फिरवलं की फिकं, रेंगाळलात की एका कागदाची शाई दुसऱ्याच्या पाठीला. दुसऱ्या बाजूला छापायचं असेल तर दुसऱ्या दिवशी.

वीज लागत नाही ही याची खरी ताकद. ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांमधल्या युनियनची गेट मीटिंगची पत्रकं, संपाच्या वेळची, अशाच मशीनवर रात्रीतून निघायची, आणि आणीबाणीत भूमिगत पत्रकं काढणाऱ्यांनाही हेच सोयीचं होतं, छापखान्यावर पोलिसांचं लक्ष असायचं, हे मशीन मात्र कुणाच्याही मागच्या खोलीत मावायचं.

काम झाल्यावर स्टेन्सिल दोन वर्तमानपत्रांत दाबून शाई टिपायची आणि दोरीवर चिमट्याने वाळत घालायचं. आमच्या गॅलरीत बनियन, टॉवेल आणि मधे कुणाच्या तरी सोसायटीचा जमाखर्च असं लटकलेलं असायचं. परत लागलं की तेच स्टेन्सिल चढवायचं. अपवाद परीक्षेचे पेपर. ते छापून झाले की आई स्टेन्सिल, पाठकागद, फुकट गेलेले कागद सगळं घमेल्यात घालून जाळायची, पाठकागद आधी, कारण कार्बनमुळे त्यावर सगळा पेपर सुबक उमटलेला असतो. त्या दिवशी हँडल ती स्वतः फिरवायची आणि मला वडापाव नाही.

मशीन नसेल तर सपाट प्रकार घरी जमतो. पतंगाचा पातळ कागद घ्या, त्यावर मेणबत्ती किसा, वरखाली वर्तमानपत्र ठेवून कोमट इस्त्री फिरवा. हा मेणकागद बारीक काचकागदावर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने लिहा, खालच्या खरखरीमुळे रेघेवर बारीक भोकं पडतात. एडिसनने १८८० मध्ये पेटंट केलेली युक्ती हीच, त्याच्याकडे खोबणी पाडलेली पोलादी पाटी होती एवढंच. मग भरतकामाच्या रिंगणात पातळ जाळीचं कापड ताणा, त्याच्या खालून हा कागद चिकटवा आणि वरून ब्लॉक प्रिंटिंगची शाई रोलरने फिरवा. मला वीसेक प्रती बऱ्या मिळाल्या, मग मेण सुटलं.

नकाशांसाठी वेगळी तऱ्हा होती. सिडकोच्या घरांचे नकाशे ज्यांनी गुंडाळ्यांत बघितलेत त्यांना तो अमोनियाचा डोळ्यांत पाणी आणणारा वास आठवेल. ट्रेसिंग पेपरखाली रसायन लावलेला कागद ठेवून उजेड द्यायचा आणि मग अमोनियाच्या वाफेत घालायचा, रेघा निळ्या-जांभळ्या उमटायच्या. हे घरी करू नका. त्याच्या आधीची खरी ब्लूप्रिंट मात्र घरी होते, जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली रीत: फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत, दोन्ही सारखं मिसळून अंधाऱ्या खोलीत कागदावर ब्रशने लावा, वाळवा, वर ट्रेसिंग आणि काच ठेवून उन्हात. आमच्या गच्चीवर एप्रिलच्या उन्हात आठ मिनिटं लागतात. मग नळाखाली धुवा, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. ॲसिडच्या बाटलीजवळ ही रसायनं नेऊ नका.

राहता राहिले हात. सायक्लोस्टाइलच्या शाईला आधी खोबरेल तेल चोळायचं, मग साबण, घासलेटने निघते पण आई हात लावू द्यायची नाही. कार्बन नुसत्या साबणाने जातो. जेलीच्या जांभळ्याला मात्र काही उपाय नाही, चार-पाच दिवस तसंच हिंडायचं, त्यामुळे घरात कुणाचं लग्न असेल तर त्या आठवड्यात जेली लावू नका.